आखाडाची स्पर्धा आणि कडू झालेली कोंबडी

प्रश्न: आम्ही ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. मोठे दीर आणि जाऊबाई जवळच राहतात. श्रावण लागायच्या आधीच्या रविवारी आमच्याकडे आखाड असतो आणि गेल्या वर्षापासून त्याची स्पर्धाच झाली आहे. ज्याने त्याने आपापलं मांस धुरावर शिजवायचं, आणि सासू-सासरे, मुलं व शेजारचं एक जोडपं यांनी मिळून गुण द्यायचे. सासू-सासरे दर उन्हाळ्यात अलिबागहून येतात. घरात बीफ चालत नाही. चिकन, मटण, पोर्क चालतं. भावोजींकडे पेलेट स्मोकर (लाकडाच्या बारीक गोळ्यांवर चालणारा) आहे आणि ते पोर्क शोल्डर करतात. माझ्याकडे आधीच्या घरमालकांनी मागे ठेवलेली बावीस इंची वेबर केटल, म्हणजे झाकणाची गोल कोळशाची शेगडी, आहे. मागच्या महिन्यात मी तिच्यावर अख्खी कोंबडी करून पाहिली. सासूबाईंचा मसाला चोळला, मेस्किटचं लाकूड रात्रभर भिजवून घातलं, आग भडकू नये म्हणून झाकणाची झडप जवळजवळ बंद ठेवली. दोन तास भरपूर पांढरा धूर निघत होता, त्यामुळे सगळं नीट चाललंय असं वाटलं. कोंबडी निघाली ती बाहेरून काळी आणि कडू, हाडाजवळ गुलाबी. जाऊबाईंनी काही न बोलता सगळ्यांचे तुकडे मायक्रोवेव्हमध्ये फिरवून आणले. आखाडाला पाच आठवडे उरलेत. नवीन स्मोकर घेऊ का? मीही शोल्डरच करू का? लाकूड कोणतं वापरू? आणि घरचा मसाला वापरायचाच नाही का?
– धुराने हैराण, केटी (टेक्सास)

उत्तर:

आधी जाऊबाईंबद्दल. त्यांचा राग धरू नका. कोंबडी शिजली आहे की नाही याची शंका असताना आणि ताटावर मुलं आणि म्हातारी माणसं बसलेली असताना त्यांनी केलं तेच करायला हवं होतं.

आता तुमच्या प्रश्नांची थेट उत्तरं. नवीन स्मोकर घेऊ नका. शोल्डर करू नका. कोंबडीच करा, पण अख्खी नको, फक्त मांडीसकट तंगड्या. आणि पहिला आठवडा मांसाला हातही लावू नका. तुम्हाला कोंबडी शिजवता येत नाही असं मुळीच नाही; इतकी वर्षं शिजवताच आहात. आग कशी हाकायची ते अजून यायचं आहे. धुरावरच्या स्वयंपाकात तेच मुख्य काम असतं, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

कडवटपणा कुठून आला ते तुमच्या पत्रातच आहे. लाकडाला पुरेशी हवा आणि पुरेशी उष्णता मिळाली नाही की ते जळत नाही, नुसतं धुमसतं. धुमसणाऱ्या लाकडातून दाट पांढरा धूर निघतो आणि त्यात डांबरासारखे जड, चिकट पदार्थ असतात. ते कोंबडीच्या गार, ओलसर कातडीवर जाऊन बसतात. तुमच्या कोंबडीवरचा काळा थर बराचसा त्याचाच होता. भिजवल्यामुळे फायदा काहीच होत नाही. पाणी लाकडात फारसं आत शिरत नाही, आणि वरवर जेवढं मुरतं ते उडून जाईपर्यंत लाकूड नीट पेटत नाही. त्यात झडप बंद, म्हणजे तो धूर बाहेर जायलाही वाट नाही. आणि लाकूड मेस्किट! मेस्किट दक्षिण आणि पश्चिम टेक्सासात रानोमाळ वाढतं, त्याच्या निखाऱ्यावर पटकन भाजलेलं मांस फार छान लागतं. पण झाकण लावून तासन्‌तास धुरी द्यायला ते फार उग्र आहे. नवशिक्याने तर त्याच्या वाटेला जाऊच नये.

चांगला धूर दिसायला फिका निळसर असतो, कधी कधी तर दिसतच नाही, नुसता वास येतो. झाकणाच्या झडपेजवळ जाऊन वास घ्या. लाकडाचा गोडसर वास आला तर मांसाला तीच चव लागणार. डोळे चुरचुरले, घसा खवखवला, तर ते मांस खाताना तसंच वाटणार. याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही.

सासूबाई अलिबागच्या आहेत, तेव्हा त्यांना पाणी तापवायचा बंब नक्की माहीत असेल. तुमची केटल म्हणजे एक बंबच समजा: खालच्या तोंडातून हवा आत, वरून धूर बाहेर, आणि वरची वाट कोंडली की घरभर धूर. ओलं सरपण घातल्यावर काय होतं आणि खालचं तोंड राखेने बुजलं की आग कशी मरते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नाही. पहिल्या सरावाला त्यांना खुर्ची टाकून शेजारी बसवाच. त्या परीक्षक आहेत हे खरं, पण आगीची माहिती विचारण्यात लबाडी नाही, भावोजींनीही विचारावी.

आता मांडणी. ब्रिकेट्सचा कोळसा घ्या, कारण ते सारख्या आकाराचे असतात आणि सारखे जळतात. आग लावायचं ते द्रव, लायटर फ्लुइड, घरात असेल तर बाजूला ठेवा; त्याचा वास मांसात उतरतो. त्याऐवजी चिमणी स्टार्टर, म्हणजे कोळसा पेटवायचा पत्र्याचा नळा, घ्या. अर्धी चिमणी ब्रिकेट्स पेटवून वरचे करडे पडेपर्यंत थांबा, साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. मग ते सगळे निखारे केटलच्या एकाच बाजूला ओता आणि त्यांच्या कडेला मूठ-दोन मुठी न पेटलेले ब्रिकेट्स टेकवून ठेवा, ते हळूहळू धरतील. दुसरी बाजू पूर्ण रिकामी. त्या रिकाम्या बाजूला जाळीखाली अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे ठेवून त्यात थोडं पाणी घाला. चरबी त्यात पडते आणि तापमान चटकन वर-खाली होत नाही. कोंबडी याच बाजूला, जाळीवर ठेवायची. मांड्यांची जाड बाजू आगीकडे करा. झाकण असं लावा की त्याची झडप कोंबडीच्या डोक्यावर येईल, म्हणजे धूर आगीकडून निघून मांसावरून जाऊन मगच बाहेर पडेल.

वरची झडप पूर्ण उघडी. ती शेवटपर्यंत तशीच राहू द्या. तापमान सांभाळायचं ते खालच्या झडपेने. सुरुवातीला ती अर्धी उघडी ठेवा. आपल्याला 300 ते 325 अंश फॅरनहाइट हवेत, म्हणजे 150 ते 160 अंश सेल्सिअस. काटा 290 ला आला की खालची झडप थोडी मिटायला लागा. 350 गाठेपर्यंत वाट पाहू नका, कारण चढलेली केटल खाली यायला फार वेळ घेते. एकदा झडप हलवली की दहा मिनिटं हात बांधून थांबा. बहुतेकांची आग बिघडते ती दर दोन मिनिटांनी काहीतरी केल्यामुळे. आणि झाकण उघडून बघू नका. उघडलं की आतली उष्णता निघून जाते, कोळशाला एकदम हवा मिळते, आणि परत झाकल्यावर तापमान भलतीकडेच जातं.

धुरासाठी पेकनचे सुके तुकडे घ्या. पेकन हा टेक्सासचा राज्यवृक्ष आहे, 1919 पासून, आणि तुमच्या भागातल्या कुठल्याही मोठ्या दुकानात त्याच्या पिशव्या मिळतात. त्याचा धूर सौम्य असतो आणि कोंबडीला शोभतो. पेकन नाही मिळालं तर ओक. मुठीएवढे दोन तुकडे बास. ते निखाऱ्यावर ठेवा, सुरुवातीला पांढरा धूर निघेलच, तो विरळ होईपर्यंत थांबा, मगच कोंबडी आत जाऊ द्या. पाइनचं किंवा फर्निचरचं, रंग लावलेलं लाकूड कधीही नको.

हाडाजवळच्या गुलाबी रंगाबद्दल लिहायलाच हवं, कारण त्याने सगळ्यांचाच घोटाळा होतो. धुरातले वायू मांसातल्या लाल रंगद्रव्याशी जुळतात आणि तो गुलाबीपणा शिजल्यावरही टिकतो. शिवाय दुकानात मिळणाऱ्या कोवळ्या कोंबड्यांच्या हाडातला रंग शिजताना बाहेर झिरपतो. त्यामुळे पूर्ण शिजलेली कोंबडीही गुलाबी दिसू शकते, आणि कच्ची कोंबडी पांढरीही दिसू शकते. तुमची त्या दिवशीची कच्ची होती की नाही, हे म्हणूनच आता कुणालाच सांगता येणार नाही. रंगावर जाऊ नका, थर्मामीटरवर जा. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम सरळ आहे: कोंबडी आतून किमान 165 अंश फॅरनहाइट, म्हणजे 74 सेल्सिअस. तंगडी मात्र तिथे थांबवू नका. 175 ते 185 पर्यंत जाऊ द्या. तंगडीत चिवट तंतू भरपूर असतात, ते या वरच्या तापमानाला विरघळून मऊ, रसाळ होतात. छातीचा भाग इतक्या उष्णतेला कोरडा पडतो. अख्खी कोंबडी नको म्हटलं ते यासाठीच. एकाच पक्ष्यात दोन वेगळ्या गरजांचं मांस सांभाळणं नवशिक्याला जड जातं.

स्मोकरचे वाचलेले पैसे इथे खर्च करा. दोन टोकांचा, दोन प्रोबचा थर्मामीटर घ्या: एक जाळीवर मांसाशेजारी, दुसरा मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकता. झाकणावरच्या घड्याळावर विसंबू नका. ते घुमटाजवळचं तापमान सांगतं, आणि जाळीवरचं तापमान त्याहून बरंच वेगळं असू शकतं.

भावोजींच्या शोल्डरला घाबरायचं कारण नाही आणि त्याच्या मागे धावायचंही कारण नाही. साडेतीन-चार किलोचं शोल्डर 225 ते 250 अंशांवर दहा-बारा तास सहज घेतं, कधी त्याहूनही जास्त. मध्येच 150-160 अंशांना तापमान अडकून बसतं आणि तास-दोन तास, कधी त्याहूनही जास्त वेळ, हलत नाही. मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडतं आणि त्या बाष्पीभवनाने मांस जितकं तापतं तितकंच निवतं, एवढंच त्याचं कारण. नवा माणूस तिथे घाबरून आग वाढवतो. पाच आठवड्यांत तुम्हाला शोल्डरचे फार तर तीन-चार सराव जमतील, आणि प्रत्येकात अख्खा रविवार जाईल. तंगड्या सव्वा-दीड तासात होतात. एका दुपारी दोन खेपा काढता येतात. शिकायला पुनरावृत्ती लागते, आणि ती कोंबडीच देते.

पेलेट स्मोकरला पंखा आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असतं, तापमान तो स्वतःच राखतो. भावोजींची सोय तुमच्यापेक्षा मोठी आहे हे मान्य. पण त्याचा धूर स्वभावतःच मवाळ असतो. कोळसा आणि लाकडाचे तुकडे यांची चव त्याहून खोल उतरते. तुमची केटल ही काही तडजोड नाही. 1952 मध्ये शिकागोत जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या धातूच्या बोयांच्या अर्धगोलांपासून ती घडवली, आणि आजही तिचा आकार जवळजवळ तोच आहे.

पहिल्या आठवड्याला नुसती आग लावा. पाणी घातलेला ट्रे ठेवा, थर्मामीटर लावा आणि दीड तास 300 ते 325 मध्ये राखून दाखवा. दर दहा मिनिटांनी तापमान आणि झडप किती उघडी होती ते वहीत लिहा. जुलैतली ह्यूस्टनची दुपार, वारा, दमटपणा या सगळ्यांचा फरक पडतो आणि तो तुमच्याच अंगणात तुम्हालाच कळणार. दुसऱ्या आठवड्यापासून चार-चार तंगड्या घ्या. शनिवार पाळत असाल तर रविवारी. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला: कधी लाकडाचा एक तुकडा कमी, कधी दहा अंश जास्त. दोन गोष्टी एकदम बदलल्यात तर कशाने काय झालं ते समजायचं नाही.

कातडी हा धुरावरच्या कोंबडीचा कच्चा दुवा. 225 अंशांवर कातडीखालची चरबी पुरेशी वितळत नाही आणि कातडी रबरासारखी राहते. म्हणून मी तुम्हाला 300 च्या वर ठेवलं. आदल्या रात्री तंगड्या कागदाने टिपून कोरड्या करा, किलोमागे दहा-बारा ग्रॅम मीठ सगळीकडे सारखं लावा, आणि जाळीवर ठेवून, न झाकता, फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. मीठ आत मुरतं, कातडी सुकते. सकाळी धुवायचं नाही. फ्रिजमधून काढून थेट केटलवर; गार मांसावर धूर चांगला बसतो, शिवाय टेक्सासच्या उन्हात कोंबडी ओट्यावर ठेवून देणं धोक्याचं आहे.

आणि आता मसाला, ज्याबद्दल तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलंत पण मला वाटतं मनात तोच सगळ्यात आधी होता. घरचा मसाला आधीच भाजून कुटलेला असतो. तो उघड्यावर, कोरड्या उष्णतेत तास-दीड तास राहिला की मिरची करपते, लवंग-दालचिनीचा औषधी कडवटपणा धुराच्या कडवटपणात मिसळतो, आणि ज्या वासासाठी तो घातला तो वास उडून जातो. बाहेरून फक्त मीठ आणि भरड मिरी. मध्य टेक्सासात हेच वापरतात. मसाला तेलात आणि थोड्या वाटलेल्या लसणात कालवून कातडीच्या आत, मांसावर लावा. बोट घालून कातडी हलकेच सोडवली की खिसा होतो. वरची कातडी मसाल्याला जपते, चरबी वितळताना त्याचा स्वाद मांसात उतरतो.

शेवटच्या दहा मिनिटांसाठी एक लेप सुचवते. कोकमाचं आगळ, दुप्पट गूळ, दोन ठेचलेल्या लसूण पाकळ्या आणि चिमूटभर तोच मसाला मंद आचेवर आटवा. चमच्याला लपेटून राहील इतका दाट झाला की उतरवा. आगळात मीठ असतंच, वरून घालू नका. मांसाचं तापमान 170 च्या पुढे गेल्यावर ब्रशने पातळ हात मारा. आधी लावलात तर गूळ जळेल. सासू-सासऱ्यांच्या जिभेला हे ओळखीचं वाटेल, आणि शेजाऱ्यांनी असं काही खाल्लेलं नसेल.

जमलं तर एखाद्या सुट्टीला बार्बेक्यूसाठी प्रसिद्ध असलेल्या लॉकहार्टला जाऊन या, केटीहून साधारण दोन तासांवर. जर्मन स्थलांतरित खाटिकांच्या दुकानांतून ही बार्बेक्यूची परंपरा तिथे रुजली; क्रॉइट्स मार्केट हे दुकान 1900 पासून चालू आहे. नाव बीफचं असलं तरी टेक्सासच्या बहुतेक बार्बेक्यू दुकानांत टर्की आणि सॉसेजही असतं. सॉसेज घेण्याआधी आत कशाचं मांस आहे ते विचारा. टर्की सॉसशिवाय खा. मुरलेला पण न बोचणारा धूर कसा लागतो, हे जिभेला एकदा कळलं की सरावात त्याच्याशी ताडून पाहता येतं.

स्पर्धेबद्दल घरच्यांना एक सुचवा. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धांत परीक्षकांना कुणाचं मांस कुणाचं ते सांगत नाहीत. दिसणं, चव आणि मऊपणा या तिन्हींना 2 ते 9 मध्ये गुण देतात, आणि त्यात चवीचं वजन बाकी दोन्ही मिळून जितकं होतं त्यापेक्षा जास्त असतं. ताटांना नंबर द्या आणि मुलांना वाढायला लावा. नाहीतर आजोबा मोठ्या मुलाला की धाकट्या सुनेला, या पेचात उगाच सापडतात.

आखाडाच्या दिवशी जेवण एक वाजता असेल तर साडेदहाला चिमणी पेटवा, सव्वाअकराला कोंबडी आत. पावणेएकपर्यंत व्हायला हवी. लवकर झाली तर ओव्हन 170 अंशांवर ठेवून आत ठेवा, न झाकता, म्हणजे कातडी मऊ पडणार नाही. बाहेर 90 अंशांच्या वर गरमी असली की शिजलेलं मांस तासाभरापेक्षा जास्त उघड्यावर राहू देऊ नका. पाऊस आला तरी केटल गॅरेजमध्ये आणायची नाही, दार उघडं असलं तरी नाही; कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तंगड्या उतरल्यावर निखाऱ्यात बराच जीव शिल्लक असतो. थेट त्यांच्यावरच्या जाळीवर दोन वांगी ठेवून द्या, सासूबाई भरताचं बघतील. मग दोन्ही झडपा बंद करा म्हणजे कोळसा विझेल आणि उरलेला पुढच्या वेळी वापरता येईल. राख दुसऱ्या दिवशी, पूर्ण गार झाल्यावर, पत्र्याच्या डब्यात काढा.